तारेचें टोक

मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहें. गेलीं तीस वर्षें ओहमचा नियम शिकवीत आलों आहें, आणि त्यावरचें कोणतेंहि उदाहरण हातांतला खडू खालीं न ठेवतां सोडवून दाखवूं शकतों. ही प्रौढी आरंभींच सांगून टाकतों. कारण पुढें जी हकीकत सांगावयाची आहे, तींत तिच्यापैकीं फारसें कांहीं शिल्लक राहावयाचें नाहीं.

२०२३ सालच्या जून महिन्यांत मी आणि सौभाग्यवती अमेरिकेंत मुलीकडे गेलों होतों. मुलगी आणि जांवई अ‍ॅरिझोना राज्यांतील फीनिक्स शहरीं राहतात. आम्हांला तिकडचा मुलूख दाखवावा म्हणून त्यांनीं आठ दिवसांसाठीं एक मोटारहोम भाड्यानें घेतलें. मोटारहोम म्हणजे चाकांवर बसविलेलें बिऱ्हाड. चार पावलांचें स्वयंपाकघर, दोन पलंग, न्हाणीघर, शीतकपाट, छतावर हवा गार करणारें यंत्र, आणि हा सर्व संसार वाहून नेणारें पुढचें इंजिन. सौभाग्यवतीनें आंत पाऊल टाकतांच पहिला प्रश्न विचारला, "देव कुठं ठेवायचे?" जांवयानें शेगडीच्या वरचें एक कपाट रिकामें करून दिलें, आणि बिऱ्हाड पुरें झालें.

अशा बिऱ्हाडांत विजेचीं दोन खातीं असतात. दिवे, पंखा, पाण्याचा पंप हे बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतात. पण हवा गार करणाऱ्या यंत्राला तिकडील घरांतल्यासारखी १२० व्होल्टची वीज लागते. मुक्कामाच्या जागीं विजेचा खांब असेल तर प्रश्न नसतो. खांब नसेल तर गाडीच्या पोटाशीं एका लोखंडी पेटींत बसविलेला जनरेटर सुरू करावयाचा. तो गाडीच्याच टाकींतलें पेट्रोल पितो, आणि त्याला जागें करण्यासाठीं भिंतीवरचें एक बटन दाबून धरलें म्हणजे पुरतें. निदान पुस्तिकेंत तरी तसें लिहिलेलें असतें.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशीं सकाळीं आम्हीं पेज गांवाजवळचें ग्लेन कॅन्यन धरण पाहिलें. कोलोरॅडो नदीवरचें हें धरण तळच्या खडकापासून ७१० फूट उंच आहे. त्याचें काम १९५६ सालीं सुरू झालें. त्या कामावरच्या लोकांसाठीं १९५७ मध्यें पेज हें गांवच नव्यानें वसविलें गेलें. आणि १९६४ पासून तेथें वीज निघूं लागली. आठ जनित्रें मिळून त्याची शक्ति १,३२० मेगॅवॅट. पुलाच्या कठड्याला टेकून मीं घरच्या मंडळींना हें सर्व समजावून दिलें. पडणारें पाणी, फिरणारें चक्र, चुंबकाचें क्षेत्र, १८३१ सालीं फॅरडेनें लावलेला शोध, यांतलें कांहीं गाळलें नाहीं. आपल्या कोयनेची क्षमता याहून अधिक आहे, हेंहि सांगावयास विसरलों नाहीं. जांवई विनयानें ऐकत होता. मुलगी मात्र कठड्यावरून खालीं पाहत होती. तिनें मध्येंच विचारलें, "बाबा, एवढ्या यंत्रांचे सांधे कोण तपासत असेल?" तो प्रश्न मला अप्रस्तुत वाटला.

संध्याकाळीं पेजपासून दहाबारा मैलांवर, यूटा राज्याच्या हद्दींत, लोन रॉक नांवाच्या किनाऱ्यावर आम्हीं मुक्काम केला. धरणामागें तुंबलेल्या लेक पॉवेलचाच हा एक कोंपरा. १८६९ सालीं जॉन वेस्ली पॉवेल नांवाच्या एका हाताच्या गृहस्थानें होड्या घालून ही अनोळखी नदी उतरून पाहिली, त्याचें नांव या सरोवराला दिलेलें आहे. समोर एकटाच उभा असलेला प्रचंड पांढुरका खडक, पायांखालीं वाळू, आणि पूर्वीं पाणी कोठवर चढत असे तें दाखविणारा कड्यांवरचा पांढरा पट्टा. जागा मोठी रम्य. पण तेथें विजेचा खांब नाहीं. सूर्य कलला तरी उष्णतामापक अडतीस अंशांच्या खालीं उतरेना. दहा महिन्यांचा आमचा नातू घामानें निथळून रडूं लागला. तेव्हां जांवयानें जनरेटरचें बटन दाबलें.

पेटींतून आवाज आला, "टक्." पुन्हां दाबलें, पुन्हां "टक्." त्यापुढें कांहीं नाहीं.

"पेट्रोल," मी म्हणालों. जनरेटरची नळी टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. टाकी पाव भरलेली राहिली कीं तो आपोआप बंद पडतो, म्हणजे घर गार करण्याच्या नादांत गाडी रानांत अडकून पडत नाहीं. ही माहिती मीं त्याच सकाळीं पुस्तिकेंत वाचली होती आणि ती उपयोगांत आणण्याची मला घाई झाली होती. टाकी निम्मी भरलेली आहे असें जांवयानें दाखविलें, तेव्हां मीं गाडी वाळूंत तिरपी उभी असल्याचा मुद्दा काढला.

मुलगी आंतून मुलाला भरवीत होती. ती तेथूनच म्हणाली, "बाबा, पेट्रोलचा प्रश्न पेटण्याच्या वेळचा. हा तर अजून फिरतच नाहीं."

त्या एका वाक्यानें मला आजोबांचा मळा आठवला. विहिरीवर डिझेलवर चालणारें ऑइल इंजिन होतें. गडी आधीं वरची खिटी उचलून आंतला दाब सोडी, मग हँडल लावून जड चाकाला गति देई, आणि चाक पुरेसें घुमूं लागलें कीं खिटी पाडी. तेव्हां कोठें इंजिन काळ्या धुराचा एक गोळा सोडून बोलूं लागे. फिरविणें हें दंडाचें काम आणि पेटणें हें तेलाचें, हें त्या गड्याला कोणी शिकविलेलें नव्हतें. चाक फिरूनहि इंजिन बोललें नाहीं तर तो तेलाची नळी पाही. चाकच फिरेना तर नळीकडे ढुंकूनहि पाहत नसे. पुढें १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, आणि तेव्हांपासून मोटारींचें हँडल मारण्याचें काम हळूहळू बॅटरीकडे गेलें. काम मात्र तेंच राहिलें. आमच्या या जनरेटरला हँडल लावावयास जागाच नव्हती. त्याचा दंड म्हणजे बॅटरी, आणि बॅटरीपासून त्याच्यापर्यंत जाणारी वीजवाट. तो फिरत नव्हता, तेव्हां दोष या दंडांत असावयाचा.

मुलीच्या हत्यारांच्या पेटींत मल्टिमीटर होता. मीं तो बॅटरीला लावला. आंकडा उमटला १२.६, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग गाडीखालीं आडवा पडून स्टार्टरच्या टोकाशीं लावला, तेथेंहि १२.६. मीं निकाल देऊन टाकला : बॅटरी निर्दोष, तारा निर्दोष, अर्थात् स्टार्टरच जळलेला आहे.

"मग आपण पेजला परत जाऊं, बाबा," जांवई म्हणाला. "तिथं वीज असलेली जागा मिळेल. अर्ध्या तासाचं काम."

सूचना अगदीं योग्य होती. "थांबा जरा," असें मी म्हणालों. आणि तें 'जरा' दीड तास चाललें.

त्या दीड तासांत मीं फ्यूज काढून पाहिला, बटनाच्या तारा हलवून पाहिल्या, गाडीच्या इंजिनाची बॅटरी अडचणीच्या वेळीं मदतीला जोडणारें एक वेगळें बटन असतें तेंहि दाबून पाहिलें. उत्तर एकच : "टक्." आणि दर वेळीं मी मल्टिमीटर लावी, आणि तो इमानानें तेंच सांगे : १२.६. गाडीचें इंजिन चालू ठेवलें असतें तर पुढच्या बैठकीवर मुलाला थोडा गारवा मिळाला असता. पण मी गाडीखालीं पडलेलों असल्यामुळें तेंहि करतां येईना. सौभाग्यवती ओल्या पंचानें त्याचें अंग पुसत होती. अखेर ती बाहेर आली आणि वाकून गाडीखालीं पाहत म्हणाली, "अहो, पोराच्या पाठीवर घामोळं उठलंय. तुम्हांला यंत्र सुरू करायचंय, कीं बरोबर ठरायचंय?"

एवढें बोलून ती मुलाला घेऊन पाण्याच्या कडेला गेली. तेथें थोडा वारा होता.

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर मला बरोबरच ठरावयाचें होतें. सकाळीं पुलावर उभें राहून १,३२० मेगॅवॅटांवर व्याख्यान देणाऱ्या मनुष्याला संध्याकाळीं एका लोखंडी पेटीपुढें हात टेकावयाचे नव्हते. आणि माझ्या त्या हट्टाची किंमत दहा महिन्यांचें एक मूल देत होतें.

मी गाडीखालून बाहेर आलों तों मुलगी समोर उभी. ती म्हणाली, "बाबा, दहा मिनिटं बघूं, नाहींतर निघूं. आधीं बोटांतली अंगठी काढा." बॅटरीपाशीं पाना चालवितांना अंगठी मध्यें सांपडली तर बोट भाजून निघतें. हें मला ठाऊक होतें. पण दीड तास मीं अंगठी काढली नव्हती.

"आतां तुम्ही मीटर धरा. मी बटन दाबतें."

"अग, किती वेळां मोजलं मीं!"

"बटन दाबलेलं असतांना मोजलंत का?"

नव्हतें मोजलें.

तिनें बटन दाबून धरलें. बॅटरीवरचा आंकडा १२.६ वरून १२.१ वर आला आणि तेथेंच टिकला. म्हणजे बॅटरी खरोखरच चांगली. मग मी पुन्हां गाडीखालीं गेलों. मीटरचें एक टोक स्टार्टरला, दुसरें जनरेटरच्या लोखंडी अंगाला. ती आंत बटनाकडे परतली. "टक्" झालें, आणि माझ्या डोळ्यांदेखत १२.६ चा आंकडा कोसळून पांचाच्या आसपास थरथरूं लागला. सात व्होल्ट वाटेंत कोठेंतरी नाहींसे होत होते. धन बाजूची तार पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत मोजली. तिच्यावर पडले ०.२. मग बॅटरीच्या ऋण टोकापासून जनरेटरच्या अंगापर्यंत मोजलें, तेथें ६.९. पांच, दशांश दोन आणि सहा दशांश नऊ मिळून बारा दशांश एक. हिशेब चोख जुळला, आणि मी शरमिंदा झालों.

वाचकांपैकीं कोणी शाळेनंतर या विषयाशीं संबंध ठेवला नसेल, तर त्यांच्यासाठीं सांगतों. रोधावर किती व्होल्ट पडतात, तें त्यांतून किती प्रवाह वाहतो यावर अवलंबून असतें. प्रवाह जवळजवळ शून्य असेल तर रोध कितीहि असो, त्याच्यावर कांहीं पडत नाहीं, आणि मीटर बापडा भरल्या बॅटरीचा आंकडा दाखवितो. स्टार्टर फिरावयाचा म्हणजे शंभराच्या घरांत अँपियर लागतात. आणि शंभर अँपियर वाहूं लागले कीं एका ओहमच्या विसाव्या भागाइतका क्षुल्लक रोधहि पांच व्होल्ट गिळून टाकतो. यांत नवें असें कांहीं नाहीं. ओहमनें हें १८२७ सालीं लिहून ठेवलें आहे आणि मी तें दर वर्षीं फळ्यावर लिहितों. तरीहि दीड तास मी स्वस्थ पडलेल्या मंडळाची प्रकृति तपासत होतों. खाटेवर निजलेल्या मनुष्याची नाडी पाहून तो डोंगर चढेल असें प्रशस्तिपत्र द्यावें, तसा माझा निकाल होता. बॅटरीचा काय, तारेचा काय, आणि मला वाटूं लागलें कीं प्राध्यापकाचा काय, खरा आंकडा भार घातल्यावरच कळतो.

पुढचें काम सोपें होतें. ऋण बाजूची तार थेट जनरेटरपर्यंत जात नव्हती. ती गाडीच्या लोखंडी सांगाड्याला एका बोल्टनें आवळलेली होती, आणि पुढें सांगाडाच तारेचें काम करीत होता. या जोडणीला आपल्याकडचे मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. आमच्या मंडळांत बाकी सर्व शाबूत होतें. अर्थ तेवढा लागत नव्हता. मुलीनें आधीं बॅटरीचें ऋण टोक सोडविलें आणि मग तो बोल्ट खोलला. तारेच्या कडीखालीं तांबड्या गंजाचा पापुद्रा धरलेला होता. वायर ब्रश जवळ नव्हता. सौभाग्यवतीनें देशाहून भांड्यांसाठीं आणलेली तारेची घासणी मुलीनें मागून घेतली. "नवी आहे ग ती," एवढेंच सौभाग्यवती म्हणाली, पण दिली. कडी, वॉशर आणि खालचें लोखंड चकाकूं लागेपर्यंत मुलगी घांशीत राहिली. मला वाटलें तेव्हां ती थांबली नाहीं. मला वाटलें त्याच्या दुप्पट वेळ ती घांशीत होती. मग बोल्ट आवळला, बॅटरी जोडली आणि बटन दाबलें. घर्र आवाज करून स्टार्टर फिरला, जनरेटर दोनदां खोकला, आणि बोलूं लागला.

पंधरावीस मिनिटांत आंतली हवा निवली. मूल पंख पसरलेल्या पाखरासारखें हात टाकून झोंपीं गेलें. त्याच्या पाठीवरचे लाल ठिपके दिव्याच्या उजेडांत स्पष्ट दिसत होते. मी ते मोजले नाहींत, पण पाहिले.

शेजारच्या मुक्कामांना त्रास नको म्हणून दहाच्या सुमारास आम्हीं जनरेटर बंद केला. तोंवर बाहेर वारा सुटला होता. वाळूंत दोन खुर्च्या टाकून मी आणि मुलगी बसलों. मीं तिला विचारलें, "हें भार घालून मोजायचं, हें तूं कुठं शिकलीस? कॉलेजांत?"

"कॉलेजांत नाहीं. तुमच्या लॅबमधल्या मामांकडून."

आमच्या प्रयोगशाळेंतल्या शिपायाला सगळे मामाच म्हणतात. शाळा सुटल्यावर ही पोर कॉलेजांत येई आणि माझा तास संपेपर्यंत प्रयोगशाळेंत बसून राही. मामा तिच्या हातीं पॉलिश पेपरचा एक तुकडा देत आणि तारांचीं टोकें घांसावयास लावीत. "मामा म्हणायचे," ती सांगूं लागली, "तार मधें क्वचित् बिघडते, बिघडते ती टोकाला. आणि बिघडलीय का, तें दिवा लावून बघायचं. नुसता मीटर लावून नाहीं."

ती हें हंसत सांगत होती. मला मात्र दुसरेंच कांहीं आठवत होतें. एके दिवशीं मी तासावरून परत आलों तेव्हां तिचीं बोटें काळीं झालेलीं होतीं आणि ती मोठ्या अभिमानानें मला एक चकचकीत टोक दाखवीत होती. तेव्हां मी काय म्हणालों, तें मला शब्दशः आठवतें : "हें शिपायाचं काम. तूं पुस्तक घेऊन बस." मामा तेथेंच उभे होते. मुलीला तें आठवत होतें कीं नाहीं, मीं विचारलें नाहीं. तिनेंहि सांगितलें नाहीं.

फॅरडेचें नांव मी वर्गांत वर्षांतून शंभर वेळां घेतों. रॉयल इन्स्टिट्यूशनमधील त्याच्या प्रयोगशाळेंत सार्जंट अँडरसन नांवाचा एक माजी सैनिक कित्येक वर्षें त्याचा साहाय्यक होता, हें मीं वाचलेलें आहे. पण तें मुलांना सांगावें असें मला कधीं वाटलें नाहीं. परीक्षेंत तें विचारीत नाहींत. त्याचप्रमाणें, गेलीं तीस वर्षें माझे प्रयोग मुलांसमोर कधीं फसले नाहींत, याचें श्रेय मी ओहमला आणि थोडेंसें स्वतःला देत आलों होतों.

देशीं परतल्यावर पहिल्या प्रात्यक्षिकाच्या दिवशीं मी नेहमींपेक्षां अर्धा तास लवकर प्रयोगशाळेंत गेलों. मामा खिडकीशीं स्टुलावर बसून तारांचा जुडगा मांडीवर घेऊन एकेक टोक घांशीत होते. मला पाहून ते उठूं लागले. मीं त्यांना बसावयास सांगितलें आणि विचारलें, "मामा, हें रोज करतां?"

"रोज नाहीं, सर. प्रात्यक्षिक असेल त्या दिवशीं. नाहींतर मुलांचं रीडिंग चुकतं, आणि तुम्ही मुलांना रागावतां."

मीं शेजारचें स्टूल ओढलें. मामांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें. मग कांहीं न बोलतां पॉलिश पेपरचा अर्धा तुकडा फाडून माझ्या हातीं दिला. मीं एक तार घेतली आणि माझ्या मतें पुरेसें घांसून ती त्यांच्यापुढें धरली. त्यांनीं ती खिडकीच्या उजेडांत फिरवून पाहिली आणि मला परत दिली.

"अजून काळं आहे, सर," ते म्हणाले.